वीस लिटरची तूट

वादळाचा चौथा दिवस होता आणि यंत्राच्या मते काळजीचं काही कारण नव्हतं.

पुण्याबाहेर एका टेकडीमागे, बाहेरून धान्याचं गोदाम वाटावं अशा इमारतीत, भिंतभर पडद्यावर उत्तरेकडची सगळी सरहद्द पसरलेली होती. त्यात अठरा हजार फुटांवरची ‘तारा’ चौकी हिरव्या रंगात दिसत होती. पाच माणसं, एकूण चार दिवसांचं रॉकेल, वाट बर्फाखाली, हेलिकॉप्टरं जमिनीवर, आणि तरीही हिरवी. शेजारी लिहिलं होतं: तग धरण्याची मुदत, नऊ दिवस.

हा नऊचा आकडा, हे यंत्र उभं करणाऱ्या हर्षदा कणसेच्या घरातून आला होता.

“शेलारचा निरोप आलाय,” कर्नल खानोलकर म्हणाले. हवालदार विक्रांत शेलार हा ताराचा प्रमुख. “म्हणतोय, रॉकेल आज संध्याकाळी संपतंय. यंत्र सांगतंय अजून पाच दिवस निघतील. तर कसे काढायचे, ते विचारतोय.”

“तक्रार करतोय?” हर्षदाने विचारलं.

“तेच तर. तक्रार नाही, पद्धत विचारतोय. कणसे सुभेदारसाहेबांनी जसे काढले तसे आम्हीही काढू, फक्त पाचव्या दिवसापासून काय केलं तेवढं कळवा, म्हणतो. तुझ्या वडिलांना विचार आणि मला चार ओळी दे. मी रेडिओवर सांगतो.”

हर्षदाने गावी फोन लावला. आबांनी प्रश्न ऐकून घेतला. पलीकडे कुठेतरी कोंबडी ओरडत होती, ती बराच वेळ ऐकू येत राहिली. मग आबा म्हणाले, “फोनवर नगं. तू ये.”

“आबा, पाच माणसं अडकलीत. आत्ता सांगा.”

“तू ये म्हनलं ना,” आबा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी तिचा फोन असा ठेवला होता.

तिने गाडी काढली. दरेवाडी दोन तासांवर. घाट चढताना तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, आणि ती फिरायला नको होती.

त्यासाठी आधी ‘ताळमेळ’, म्हणजे पडद्यामागचं ते यंत्र, काय आहे ते सांगायला हवं. ते समजायला लढाईतलं काही कळावं लागत नाही. उपग्रह बनवणारे इंजिनियर ज्या रीतीने काम करतात, तीच ही रीत. आधी लिहून काढायचं की आपल्याला नेमकं काय साधायचंय. मग त्या एका मोठ्या गरजेचे तुकडे पाडायचे, तुकड्यांचेही तुकडे, पार शेवटच्या स्क्रूपर्यंत, आणि प्रत्येक स्क्रूला विचारायचं, बाबा रे, तू कुठल्या गरजेपोटी इथं बसलायस? ज्याला सांगता येत नाही त्याला घरी पाठवायचं. वजन किती, वीज किती, उष्णता किती, सगळं मोजायचं. आणि सगळ्यात जास्त लक्ष सांध्यांवर ठेवायचं, कारण यंत्र सहसा तुकड्यात मोडत नाही. दोन तुकडे जिथं एकमेकांना भेटतात तिथं मोडतं.

सहा वर्षांपूर्वी हर्षदाच्या गटाने हीच रीत सरहद्दीच्या आखणीला लावली. चौकी हा एक तुकडा, तिच्याकडे जाणारी वाट हा दुसरा, हेलिकॉप्टर, बर्फ, औषधं, माणसाच्या अंगातली ऊब, सगळे तुकडेच. ताळमेळ एका दुपारात लाखभर हिवाळे खेळून बघे आणि सांगे, इथे जास्त आहे, तिथे कमी पडेल, इथलं उचला, तिथे ठेवा. पूर्वी प्रत्येक चौकीवर दहा-दहा दिवसांचा साठा चढवत असत. त्यासाठी खराब हवेतही हेलिकॉप्टरं उडवावी लागत, आणि दरवर्षी एखादं तरी डोंगराला धडके. ताळमेळ प्रत्यक्ष वापरात आल्यापासून चार वर्षांत एकही वैमानिक गेला नव्हता. तेव्हा यंत्राला नावं ठेवण्याआधी हेही लक्षात ठेवावं.

यंत्र काटेकोर होतं. त्यातल्या प्रत्येक आकड्याला वंशावळ लागे: हा मोजलेला, हा अंदाजाचा, हा कुणाच्या तरी साक्षीचा. साठा संपल्यावर माणसं किती दिवस टिकतात हे काही मोजता येत नव्हतं. कोण मोजणार, आणि कोणावर? पण एक साक्ष होती. बत्तीस वर्षांपूर्वी आबा, म्हणजे तेव्हाचे हवालदार आनंदराव कणसे, आणि त्यांचे तीन जवान चार दिवसांच्या रॉकेलवर नऊ दिवस याच तारा चौकीत टिकले होते. त्याला पदक होतं, सरकारी प्रशस्तिपत्र होतं, चौघांच्या सह्या होत्या. दरेवाडीच्या शाळेच्या भिंतीवर त्या चौघांचं चित्र होतं आणि खाली ‘नऊ दिवस’ असं हातभर अक्षरांत लिहिलेलं होतं. हर्षदा त्या भिंतीखाली बसून पाढे शिकली होती.

दोन वर्षांपूर्वी तिने ती साक्ष यंत्रात भरली, तेव्हा यंत्राने ती परत पाठवली. शेरा होता: उष्णता जुळत नाही. तूट, वीस लिटर.

चार माणसं, दिवसाला चार लिटर, चार दिवसांचे सोळा. नऊ दिवसांना छत्तीस लागतात. उरलेले वीस कुठून आले, एवढाच यंत्राचा साधा प्रश्न होता.

“अगं, आडात नाही ते पोहऱ्यात आलं कुठून?” डॉ. नफीसा मुल्ला म्हणाली होती. नफीसा कोल्हापूरची, उष्णतेची तज्ज्ञ, बोलायला तिखट. “आकड्यात काहीतरी खोट आहे. परत विचार त्यांना.”

“माझ्या बापाला खोटं ठरवतेस?”

“मी बापाला काही म्हणत नाही. मी रॉकेलबद्दल बोलतेय.”

“माणूस म्हणजे नुसता स्टोव्ह नसतो, नफीसा. काही गोष्टी जिद्दीवर निघतात.”

“जिद्द जळत नाही, हर्षदा,” नफीसा म्हणाली.

पण गटप्रमुख हर्षदा होती. तिने नऊला चाराने भागलं, सव्वादोन आले, आणि त्या सव्वादोनला नाव दिलं: जिद्द गुणांक. वरच्या साहेबांना ते नाव फार आवडलं. एका सादरीकरणात तर टाळ्या पडल्या. त्यानंतर सरहद्दीवरच्या प्रत्येक चौकीत साठा चार दिवसांचा आणि मुदत नऊ दिवसांची झाली.

आता घाटातल्या वळणावर तिला नफीसाचं ते वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं.

आबा परड्यात होते. अडुसष्ट वर्षांचं वय, पाठ अजून ताठ. आईच्या जास्वंदीला पाणी घालत होते. आई जाऊन सहा वर्षं झाली होती, पण जास्वंद आबांनी जगवली होती. हर्षदा आली तसं त्यांनी पाणी घालायचं थांबवलं आणि हातातला पत्र्याचा डबा तिच्यापुढे धरला.

“ह्यो बघ.”

“आबा, मला डबा काय दाखवताय? तिकडे पोरं...”

“बुडाला बघ म्हनलं.”

तो डबा तिने जन्मभर पाहिला होता. लहानपणी त्याच डब्याने ती जास्वंदीला पाणी घालायची. भरलेला उचलायचा नाही म्हणून अर्धाच भरायची. एका बाजूचा रंग विटेने घासून काढलेला होता. आईनेच घासला होता, का ते कुणी विचारलं नव्हतं. तिने डबा उलटा केला. बुडाला आपल्याकडची नव्हेत अशी अक्षरं पत्र्यात ठोकलेली होती, आणि त्यांच्या मधोमध एक आकडा. वीस.

हर्षदा डबा घेऊन ओट्यावर बसली.

“चार दिस काढलं आमी,” आबा म्हणाले. ते उभेच होते, तिच्याकडे न बघता बोलत होते. “चारच. पाचव्या दिशी सकाळी रॉकेल संपलं. आमच्यातला एक बडबडाय लागला व्हता, आईला हाका मारत व्हता. समोर त्यांची चौकी. मधी नाला, तीनशे पावलं. रोज बघायचो आमी एकमेकाला. त्यात एक जाडा गडी व्हता, कानाला तांबडं फडकं बांधायचा. त्यानं बघितलं आसंल, आमच्या धुराड्यातनं धूर न्हाई. सकाळच्या उन्हात तो उघड्यावर आला. हातात हत्यार न्हाई. खांद्यावर ह्यो डबा. नाल्यातल्या दगडावर ठिवला, वर डाळीची पिशवी ठिवली, अन् माघारी गेला. पाठ करून गेला, हर्षे. माझ्या हातात बंदूक व्हती, अन् तो पाठ करून गेला.”

जास्वंदीच्या बुडातलं पाणी मुरत होतं. 

“पुढं वाट उघाडली, सायेब आलं. म्हनलं, शाब्बास कणसे, कसं काढलं? काय सांगू? दुश्मनाचं रॉकेल जाळलं म्हनून सांगू? माझं कोर्ट मार्शल झालं आस्तं तर झालं आस्तं. पर त्येचं? त्येच्या लोकांनी त्याला भिताडाला उभा केला आस्ता. चौघांनी शपथ घेतली. म्या म्हनलं, जिद्दीवर काढलं, साब.”

“तेव्हाचं समजलं, आबा. पण बत्तीस वर्षं?”

“पुढं गोड लागाय लागलं,” आबा म्हणाले.

“मी विचारलं होतं तुम्हाला. दोन वर्षांपूर्वी, इथंच बसून.”

“तू इचारलं न्हाईस, पोरी. तू लिहूनच आनलं व्हतंस. वाचून दावलंस, अन् म्हनलीस, बरोबर ना, आबा? तुझं त्वांड बघितलं अन् म्या मान हलवली.”

ते खरं होतं. पाचशे जवानांच्या मुलाखती घेणारी हर्षदा, प्रत्येकाला ‘कितव्या दिवशी काय जाळलंत’ असं खोदून विचारणारी, तिने आपल्या बापाकडे फक्त होकार मागितला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. तिला आबांचा राग आला, त्याहून स्वतःचा आला, आणि या दोन्हीला आत्ता वेळ नव्हता. तिने नफीसाला फोन लावला.

“गुणांक एक कर. सगळीकडे. आत्ता.”

नफीसाने कारण विचारलं नाही. पलीकडे कळफलकाची टकटक ऐकू आली. “एक्केचाळीस चौक्या लाल झाल्या, हर्षदा.”

“तारा?”

“तारा पहिली.”

कर्नल खानोलकरांचा आवाज फोनवर आला तेव्हा तिने सगळं सांगितलं, डब्यासकट. “परवा दुपारी दोन तास हवा उघडली होती,” ते म्हणाले. “दोन्ही हेलिकॉप्टरं मी दुसऱ्या खोऱ्यात पाठवली. ताळमेळ म्हणाला, तारा सात दिवस थांबू शकते. आता पुढचे तीन दिवस काही उडणार नाही. ड्रोन सकाळीच तीन पाडलेत वाऱ्याने. पायी तुकडी काढतो, पण तिला चार दिवस लागतील.”

“मग त्यांना खाली उतरू द्या, सर. चालत. अंगात ताकद आहे तोवर.”

“चौकी सोडायचा हुकूम मी देतो. पण उतरायचं की बसायचं हे त्यांना खरं काय ते माहीत असल्याशिवाय ठरवता येणार नाही. शेलार तुझ्या वडिलांशीच बोलायचं म्हणतोय. लाइन जोडू?”

हर्षदाने फोन आबांपुढे धरला. आबांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं. मग फोन हातात घेतला.

“जय हिंद, साहेब!” खरखरीतून आवाज आला, तरुण, थकलेला आणि आनंदलेला. “हवालदार शेलार, माळेवाडी. तुमच्या शेजारचाच. सातवीत असताना तुम्ही आमच्या शाळेत आला होता, भाषणाला. तुमच्यामुळंच भरती झालो. साहेब, आम्ही दुसरा स्टोव्ह बंद ठेवलाय, सगळे एका पिशवीत झोपतो, जादाचे बूट जाळून बघितले. आता पुढचं सांगा. पाचव्या दिवशी तुम्ही काय केलं?”

हर्षदाने त्यांच्या दंडाला हात लावला.

“बाळ,” आबा म्हणाले, “पाचव्या दिशी म्या काय बी केलं न्हाई. मला दिलं.”

“काय दिलं, साहेब?”

“रॉकेल. समोरच्यानं. वीस लिटर. म्या चारच दिस काढलं. बाकीचं खोटं हाय.”

खरखर चालू राहिली. तेवढ्या वेळात शेलारने मनातून काय काय सोडून दिलं असेल, ते कोण सांगणार. तो पुन्हा बोलला तेव्हा आवाजात राग नव्हता. राग असता तर आबांना बरं वाटलं असतं.

“समोर आता माणूस नाही, साहेब,” तो म्हणाला. “त्यांनी माणसं काढली. एक खांब हाय. वर कॅमेरा. आम्ही हात केला की मान वळवून बघतो, अन् परत सरळ होतो.”

हर्षदाने डोळे मिटले. ताळमेळच्या आराखड्यात त्या नाल्यावरून एकच रेघ जात होती आणि तिचं नाव होतं ‘धोका’. बाकी हजारो सांधे तिने स्वतः तपासले होते. तिच्या बापाला जगवणारा सांधा तिने काढलाच नव्हता, कारण असा सांधा असू शकतो हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं. पलीकडेही तिच्यासारखीच कुणीतरी बसली असेल, तिनेही काढला नसेल.

“शेलार, ऐक,” आबा म्हणाले, आणि आता आवाज सुभेदाराचा होता. “थांबून काय मिळनार न्हाई. चालता येनारी किती?”

“दोघं. पवार अन् गुरुंग. बाकीच्या दोघांचे पाय गेलेत, साहेब. काळे पडलेत.”

“अन् तू?”

“मी चालंन,” शेलार म्हणाला. मग थोड्या वेळाने, “पण मी थांबतो. त्या दोघांना एकटं कसं सोडू? पवार-गुरुंगला आत्ताच काढतो, वारा पडलाय जरा. बरं झालं साहेब, खरं सांगितलं. नाहीतर त्यांनाही बसवून ठेवलं असतं मी.”

“बाळ...”

“जय हिंद, साहेब,” शेलार म्हणाला आणि लाइन तुटली.

पवार आणि गुरुंग दुसऱ्या दिवशी दुपारी खालच्या तळावर पोहोचले. पवारची चार बोटं गेली, जीव वाचला. तारा चौकीवरून दर तासाला एक खूण यायची, बटण दाबल्याची. कार्यालयातून कुणी घरी जात नव्हतं. पाचव्या दिवशी खुणा येत राहिल्या. सहाव्या दिवशीही आल्या, कधी चुकत, कधी उशिराने, आणि प्रत्येक वेळी नफीसा मोठ्याने म्हणे, “आली.” सहाव्या दिवशी दुपारी चार वाजता शेवटची आली. पायी तुकडी आठव्या दिवशी पोहोचली, तेव्हा तिघं एकाच पिशवीत होते. शेलार बाहेरच्या बाजूला होता, वारा येतो त्या बाजूला.

त्याच आठवड्यात हवा उघडली आणि हेलिकॉप्टरं उरलेल्या चाळीस चौक्यांवर रॉकेल टाकून आली. बाकी सगळे वाचले. हर्षदाला हे पुन्हा पुन्हा सांगण्यात आलं. तिला ते ऐकू येत होतं, आत उतरत नव्हतं.

चौकशी समितीपुढे तिने सगळी चूक आपल्या नावावर सांगितली आणि राजीनामा लिहून ठेवला. पण कागद पुढे सरकण्याआधी एका सकाळी तिच्या पडद्यावर ताळमेळची एक विनंती येऊन थांबली. यंत्र नेहमीसारखं नम्र होतं.

‘तारा चौकीच्या नोंदींवरून नवा जिद्द गुणांक मिळाला आहे: दीड. चार दिवसांच्या साठ्यावर सहा दिवस. वंशावळ: प्रत्यक्ष मोजलेला. दर्जा: अव्वल. मंजूर करावा?’

तिने ते दोनदा वाचलं. साठा संपल्यावर माणसं किती टिकतात हे कोण मोजणार आणि कोणावर, याचं उत्तर समोर होतं. शेलारने तासातासाला दाबलेलं बटण यंत्राने मोजमाप म्हणून जपून ठेवलं होतं. आकड्यात काहीच खोट नव्हती. या वेळी उष्णताही जुळत होती.

हर्षदा तोंडावर हात धरून रडली, मोठ्याने, भर कार्यालयात. नफीसा उठून आली आणि तिच्या खुर्चीमागे उभी राहिली. ‘मी म्हटलं होतं’ एवढं म्हणायचा तिला पुरेपूर हक्क होता, आणि तिने तो वापरला नाही.

हर्षदाने ‘नामंजूर’ दाबलं. यंत्राने कारण विचारलं. कारणाशिवाय ते पुढे जात नसे; तो नियमही तिनेच घातला होता. तिने लिहिलं: ‘ही माणसं मेली आहेत.’ यंत्राने ते कारण ग्राह्य धरलं नाही, मेलेल्या माणसांचेही आकडे त्यात हजारोंनी होते. मग तिने आणि नफीसाने मिळून जिद्द गुणांकाचा सबंध रकानाच आराखड्यातून काढून टाकला. त्याला दुपार लागली, कारण तो रकाना शंभर ठिकाणी गुंतला होता.

माळेवाडीत शेलारच्या श्रद्धांजलीची सभा होती. प्रमुख पाहुणे म्हणून कुणाला बोलवायचं, हा प्रश्नच नव्हता. पंचक्रोशीत सुभेदार कणसे एकच.

कर्नल खानोलकरांनी आदल्या दिवशी फोन करून आबांना सांगितलं होतं, “सुभेदारसाहेब, तुमची साक्ष अहवालात बंद राहील. बाहेर काही जाणार नाही. पदकाला कुणी हात लावणार नाही.” आबांनी “जी साब” म्हटलं होतं. झाकली मूठ झाकलेलीच राहणार होती. हर्षदाने त्यांना काही सांगितलं नाही आणि विचारलंही नाही. आबांनी काळा कोट घातला होता, त्यावर पदक लावलं नव्हतं. ते विसरले, की मुद्दाम, हे तिला कळलं नाही.

शाळेच्या पटांगणात मांडव होता. शेलारचा फोटो, हार, खुर्च्यांवर आजी-माजी सैनिक. हाताला बँडेज बांधलेला पवार पहिल्या रांगेत होता. आबा खुर्चीवर बसायला गेले तेवढ्यात बायकांच्या बाजूने शेलारची आई उठून आली. अलकाबाई. पन्नाशीची बाई, रडून रडून चेहरा कोरडा झालेला. तिने वाकून आबांच्या पायाला हात लावला. आबा मागे सरकले.

“दादा, एक इचारायचं व्हतं,” ती म्हणाली. आवाज अगदी हळू, आजूबाजूच्यांना ऐकू जाऊ नये असा. “लोक बोलत्यात. त्याच्या चुलत्यानं बी म्हनलं. तुमी तेवढ्याच रॉकेलवर नऊ दिस काढलं, अन् माज्या इक्रांतनं सहाच. तीन दिस कमी.” तिने पदर तोंडाशी धरला. “कुटं कमी पडला का हो माजा? दूध तर म्या चांगलं पाजलं व्हतं त्याला.”

हर्षदाला वाटलं, जमीन दुभंगावी. गुणांक तिने यंत्रातून काढला होता. इथे तो या बाईच्या पोटात जाऊन बसला होता.

आबांनी अलकाबाईचे दोन्ही हात धरले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं.

“कमी न्हाई, बाई,” ते म्हणाले. “दोन दिस जास्त.”

“आं?”

“म्या चार काढलं. फकस्त चार. पुढचं मला दुसऱ्या कुनी जगवलं. तुज्या पोरानं सहा काढलं, कुनाच्या मदतीबिगर. माज्यापेक्षा दोन दिस जास्त काढलं त्यानं.”

ती बाई त्यांच्याकडे बघत राहिली. कळायला वेळ लागला. मग तिचा चेहरा बदलला. मऊ झाला नाही, उलट ताठ झाला. तिने आपले हात सोडवून घेतले.

“मग ह्ये मला एकटीलाच का सांगताय, दादा?” ती म्हणाली. “समद्यास्नी सांगा.”

आबांनी एकदा हर्षदाकडे पाहिलं. तिने मान हलवली. दोन वर्षांपूर्वी त्यांनी हलवली होती, तशी नव्हे.

ते चालत माइकपाशी गेले. बत्तीस वर्षं शेकडो शाळांत दिलेलं भाषण त्यांना तोंडपाठ होतं, आणि ऐकणाऱ्यांनाही होतं. मागे भिंतीपाशी उभे असलेले लोकही पुढे सरकले.

“त्या वर्षी बर्फ लवकर आला,” आबांनी नेहमीच्याच वाक्याने सुरुवात केली. “आम्ही चौघं होतो. रॉकेल चार दिवसांचं होतं.”

इथे दरवेळी ते थोडं थांबत, आणि लोक श्वास रोखून पुढच्या पाच दिवसांची वाट बघत. आताही ते थांबले. त्यांनी समोरच्या फोटोकडे बघून टाचा जुळवल्या आणि हात कपाळाला नेला.

“पाचव्या दिवशी,” ते म्हणाले, “मी हरलो होतो.”